सानियेच्या घरची बिनसाखरेची कॉफी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे, आणि सध्या खिळ्याला टांगलेला आहे. पोट गोल, गळा आवळलेला, दांडा हातभर लांब. आमच्याकडे, म्हणजे अल्बानियात, कॉफी माझ्यासारख्यातच उकळतात, किंवा उकळत असत. माझ्या डावीकडे भिंतीवर एक गुरांच्या गळ्यातली घंटा आहे आणि उजवीकडे कुणाच्या तरी आजोबांचा फोटो. हे आजोबा कोण, ते या कॅफेच्या मालकालाही ठाऊक नाही. त्यानं ते चौकटीसकट विकत घेतले. गिऱ्हाइकं आमच्याखाली बसून मशीनची कॉफी पितात, आमच्यासकट स्वतःचा फोटो काढतात आणि जातात. या कामाला 'परंपरा' म्हणतात. काम हलकं आहे. एकच अडचण, की दिवसभरात कुणी हात लावत नाही.

माझा जन्म कोर्चा शहरातल्या तांबटआळीत झाला. तोपर्यंत सगळ्या तांबटांना गोळा करून त्यांचा सहकारी संघ केलेला होता आणि महिन्याला तीनशे गडू झालेच पाहिजेत असं वर ठरलेलं होतं. वांजेल नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि दांडा बसवला. दांडा किंचित उजवीकडे झुकला होता. १९६१ साली आमच्या देशात उजवीकडे झुकणं ही साधी गोष्ट नव्हती. तपासनीसानं मला परत पाठवलं, वांजेलनं काही न बोलता दोन ठोके घातले, आणि तेव्हापासून मी डावीकडे झुकून आहे. त्यामुळे माझ्यातून ओतताना दोन थेंब हमखास बाहेर सांडतात. माझ्यावर झालेला राजकीय संस्कार तो एवढाच.

पुढे मी बोरशिन या डोंगरातल्या गावी, सानियेच्या रुखवतात आलो. तिच्याबरोबर तिच्या आजोबांची पितळी चक्कीही आली. वीतभर उंचीची, नळीसारखी, वर फिरवायचा दांडा. ती कॉफी दळायची, मी उकळायचो. फडताळात आमची जागा शेजारी शेजारी होती. ती माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी मोठी आणि चांगल्या घरची, म्हणून सुरुवातीला फारसं बोलत नसे. पण तीस वर्षं रोज सकाळी एकीचं पीठ दुसऱ्याच्या पोटात जात असेल, तर घराणं फार काळ आड येत नाही.

आमच्याकडे घरी आलेल्याला आधी कॉफी देतात आणि मग कामाचं विचारतात. कॉफी गोड. जितका मान मोठा तितकी साखर जास्त. फक्त मयताच्या घरी ती बिनसाखरेची. ती कुणी मागत नाही आणि कुणी नाकारत नाही. सानियेचा नवरा काद्री लाकडं तोडताना झाडाखाली सापडून गेला, तेव्हा चाळीस दिवस मी बिनसाखरेची उकळली. एकेचाळिसाव्या दिवशी सानियेनं चमचाभर साखर टाकली, ढवळली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपून मुलाला हाक मारली.

मुलाचं नाव पेर्पारिम. आमच्या भाषेत याचा अर्थ प्रगती. त्या काळात सरकारला अशी नावं आवडत, आणि सरकारला आवडेल ते आईबापांनाही आवडे. घरात मात्र त्याला रिमो म्हणत. सहा वर्षांचा असताना त्यानं चक्कीनं अक्रोड फोडले होते. तिच्या बुडाशी पडलेला अक्रोडाएवढा पोचा कायमचा राहिला. सानियेनं त्याला एक धपाटा घातला आणि फुटलेले अक्रोड त्यालाच खायला दिले.

मग १९९१ साली सरकार गेलं. सामुदायिक शेतीही गेली. लोकांनी सामुदायिक गोठा मोडून त्याच्या विटा खाजगीरीत्या घरी नेल्या. काम कुठेच राहिलं नाही. डोंगराच्या पलीकडे ग्रीस होतं. पंचेचाळीस वर्षं तिकडे बघायलाही बंदी होती, म्हणून आता सगळे तिकडेच बघत होते.

रिमो एकवीस वर्षांचा झाला होता. १९९२च्या फेब्रुवारीत तो निघाला. बरोबर खालच्या आळीतला नामिक होता, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. सानियेनं पाव दिला, चीज दिलं, लोकरीचे मोजे दिले. मग फडताळ उघडलं, चक्की काढली आणि एका मोज्यात घालून त्याच्या पिशवीत ठेवली.

"अडचण आली तर वीक," ती म्हणाली. "पण पोचल्यावर आधी एक कॉफी करून पी."

"आणि उकळू कशात?"

"गडू कुठेही मिळतो."

हे मी फडताळातून ऐकलं. कुठेही मिळत असेल. तरी माझ्यासमोर म्हणायला नको होतं.

बारा दिवसांनी नामिक एकटाच परत आला. पोलिसांनी पकडून, बसमध्ये घालून, दुसऱ्याच नाक्यावरून हाकलला होता. सानियेनं उंबऱ्यातच विचारलं, रिमो कुठे? तो म्हणाला, आमची वर खिंडीत चुकामूक झाली काकी, तो पुढे गेला. घरात ये म्हटलं तर आला नाही, बुटांना चिखल आहे म्हणाला. बुटांना चिखल आमच्या गावात बाराही महिने असतो.

पुढे गेला, हे शब्द सानियेनं घट्ट धरून ठेवले. पुढे म्हणजे कुठे, एवढंच शोधायचं राहिलं.

शोधायचं काम तिच्या दिरानं, रुस्तेमनं हाती घेतलं. रुस्तेम हा भूगोलाचा निवृत्त मास्तर. त्यानं शाळेतून भिंतीवरचा नकाशा आणला. त्यात ग्रीस म्हणजे एक करडा डाग होता. आतली गावं छापायची तेव्हा गरज वाटली नव्हती. रुस्तेमनं टोक केलेली पेन्सिल घेतली आणि ऐकीव माहितीवर त्या डागात शहरं बसवायला सुरुवात केली. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या एका परदेशी संस्थेला त्यानं फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं की अर्जाची नोंद झाली असून क्रमांक अमुक आहे. सानियेनं ते पत्र आरशामागे जपून ठेवलं, कारण रिमोच्या नावानं आलेलं ते पहिलंच पत्र होतं. दुसऱ्या पत्रात एक फॉर्म होता. उंची, दातांची खूण, परदेशातला शेवटचा ज्ञात पत्ता. रुस्तेमनं पत्त्याच्या रकान्यासमोर बराच वेळ पेन्सिल धरली आणि शेवटी लिहिलं, 'डोंगर'.

सानियेला पत्रांचा भरवसा नव्हता. ग्रीसचे पोलीस आमच्या लोकांना गोळा करून बसमधून सीमेच्या नाक्यावर आणून सोडत. महिन्यातून दोनदा ती ट्रकमध्ये बसून त्या नाक्यावर जायची. बरोबर एक स्टोव्ह, एक डबा साखर, रिमोचा फोटो आणि मी. रस्त्याकडेच्या एका दगडावर ती मला चढवायची. बसमधून उतरलेली माणसं दोन-दोन दिवसांची उपाशी, कुणाच्या पायात बूट नाहीत, कुणाच्या हातात हिशेब न झालेल्या मजुरीचा राग. त्यांना ती कॉफी द्यायची, चांगली गोड, दोन चमचे साखर. मग फोटो पुढे करायची.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं जेवढं कौतुक झालं ते त्या दगडावर. लोक कप दोन्ही हातांत धरून डोळे मिटत. एकानं तर म्हटलं, बाई, या कॉफीसाठी आणखी एकदा मार खाऊन परत येईन. आणि एवढी गोड कॉफी प्यायल्यावर, समोर एका आईनं फोटो धरलेला असताना, 'नाही पाहिला' असं कोण म्हणणार? त्यांनी पाहिला. लारिसाजवळ पीचच्या बागेत पाहिला. सलोनिकात बांधकामावर पाहिला, तब्येत सुधारली आहे. क्रीटला ऑलिव्ह काढताना पाहिला. एकानं तर लग्न झाल्याचंही सांगितलं आणि सूनबाई गोरी असल्याची खात्री दिली.

रुस्तेम घरी नकाशावर टाचण्या टोचत असे. तिसऱ्या वर्षी रिमो एकाच वेळी अकरा ठिकाणी काम करत होता.

"वहिनी, मुलगा मेहनती आहे," एवढंच रुस्तेम म्हणाला, आणि बारावी टाचणी खिशात ठेवून दिली.

सानियेला हे कळत नव्हतं असं नाही. दांडा तिच्या हातात असायचा, त्यामुळे तिला काय कळतं आणि काय नाही, ते मला कळायचं. पण माणूस तहानलेला असला की पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारत नाही. घरी आल्यावर ती मला घासून फडताळात ठेवायची. शेजारी चक्कीच्या बुडाएवढं एक गोल वर्तुळ होतं, फळीवर, धूळ न बसलेलं. पहिल्या वर्षी ते स्पष्ट होतं. पाचव्या वर्षी तिथंही इतर फळीएवढीच धूळ होती.

नामिक तोवर तीन-चारदा जाऊन-येऊन सुधारला होता. घरावर मजला चढवला, फ्रिज आणला. फ्रिजला लागणारी वीज येत नसे, त्यामुळे त्यात कपडे ठेवत. सानिये रस्त्यात दिसली की तो स्वतःचे बूट बघत पलीकडून जाई. आमच्या घरी तो पाच वर्षांत एकदाही आला नाही. सानिये म्हणायची, पैसा आला की माणसाची मान आखडते.

आता १९९७ साल. त्या वर्षी देशातल्या सगळ्या चमत्कारी बचत योजना एकदम बुडाल्या आणि लोकांनी रागानं सरकारी गोदामं फोडली. बंदुकांची फुटली, पिठाची फुटली. बोरशिनचं दुकानही रिकामं झालं. शेवटी आलेल्यांनी फळ्या नेल्या. मार्चमध्ये परिस्थिती अशी होती की गावात प्रत्येक घरात बंदूक होती आणि कुठल्याच घरात साखर नव्हती.

एका सकाळी शेजारची मेरेमे पिठाची चाळण मागायला आली. सानियेनं तिला बसवलं. डब्यात मूठभर कॉफी होती. साखरेचा डबा तिनं उघडला, उलटा केला, बुडावर थाप मारली, आणि बंद करून जागेवर ठेवला. आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं, साखर संपली. आमच्याकडे पाहुण्याला असं सांगत नाहीत. घरात अमुक नाही, हे वाक्य आमच्या तोंडाला फुटत नाही. त्यापेक्षा छप्पर पडलं तर बरं. सानियेनं चुलीत ओली लाकडं सारली, धुरानं डोळे लाल करून घेतले, मला उकळवलं, आणि तशीच कॉफी मेरेमेपुढे ठेवून दुसरीकडे बघत राहिली.

मेरेमेनं घोट घेतला. कप थांबला. तिनं सानियेच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिमोच्या फोटोकडे. अशा वेळी आमच्याकडे काही विचारायचं नसतं. तिनं तळापर्यंत कॉफी संपवली, सानियेला घट्ट मिठी मारली आणि चाळण न घेताच निघून गेली.

"रागावली," सानिये माझ्याशी म्हणाली. "साखर नव्हती म्हणून चाळणसुद्धा नेली नाही."

तासाभरानं खालच्या आळीतले तीन पुरुष आले. टोप्या हातात. भिंतीलगत बसले. कुणी काही बोलेना. येताना कागदात गुंडाळून थोडी थोडी कॉफी आणली होती, ती त्यांनी कोपऱ्यात ठेवली. सानियेला वाटलं, दिवस वाईट आहेत, लोक एकमेकांना धरून राहतायत. तिनं तीच कॉफी केली, बिनसाखरेचीच, मान खाली घालून. मग आणखी पाच आले. मग बायका. दुपारपर्यंत घर भरलं. मी एकसारखा चुलीवर होतो. एवढी माणसं, आणि चमच्याचा किणकिण आवाज नाही, कारण ढवळायला काही नव्हतं.

मग गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस काठी टेकत आला. त्यानं कप घेतला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे तुझ्या घरचं शेवटचं दुःख असो, सानिये."

दांडा तिच्या हातात होता. तो आधी गार झाला.

तेवढ्यात रुस्तेम धापा टाकत आत आला, एका पायात बूट आणि एका पायात सपात. तो वरच्या गावाला गेला होता आणि तिथं त्याला स्वतःच्या पुतण्याची बातमी गाढवावरच्या एका अनोळखी माणसानं दिली होती.

"वहिनी, साऱ्या मुलखाला कळलं आणि मला सांगितलं नाही?"

"मलाच कुणी सांगितलं नाही, भावजी," सानिये हळू आवाजात म्हणाली. मग तिनं मला चुलीवरून उतरवलं आणि लोकांकडे वळली. काय बोलणार होती ते मला ठाऊक होतं. ऐका रे, बातमी काही नाही, माझा मुलगा जिवंत आहे, फक्त साखर संपली होती. पहिला शब्द ओठांवर आला होता.

आणि दारात नामिक उभा राहिला.

त्यानं बूट काढले. तो माणसांच्या मधून सरळ तिच्यापर्यंत आला, गुडघ्यावर बसला आणि तिचा मोकळा हात कपाळाला लावला.

"बरं झालं काकी, तुम्हाला कळलं," तो म्हणाला. "माझ्या तोंडून निघत नव्हतं."

मित्रांनो, पस्तीस वर्षं मी त्या बाईच्या हातात होतो. त्या दगडावर तिला शेकडो लोकांनी गोड खोटं सांगितलं, तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. मला खाली ठेवायचं मात्र विसरली.

"मला कळलं ते लोकांकडून," ती म्हणाली. "आता तू सांग. काही गाळू नकोस."

तो सांगत गेला. खिंडीत चुकामूक झालीच नव्हती. खिंड ओलांडून ग्रीसच्या बाजूला उतरताना रिमोचा पाय बर्फाखालच्या खडकांत अडकून मोडला. नामिकनं त्याला पाठीवर घेऊन मेंढपाळांच्या दगडी वाड्यापर्यंत नेलं. वाडा रिकामा, छप्पर अर्धं. त्यानं स्वतःचा कोट रिमोवर घातला आणि खालच्या गावातून माणसं आणतो म्हणून निघाला. रिमो म्हणाला, येताना गडू आण, चक्की माझ्याकडे आहे. खाली रस्त्यावर नामिकला सैनिकांनी पकडलं. त्यानं डोंगराकडे हात करून करून सांगितलं. त्यांना वाटलं, हा कुठून आला ते सांगतोय. ते त्यांना माहीत होतं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा चोरून वर गेला, तेव्हा वाडा बर्फानं भरला होता. त्यानं हातांनी उकरलं. त्याला काही सापडलं नाही, की सापडू नये असं वाटल्यामुळे तो लवकर थांबला, हे त्याला आजही सांगता येत नव्हतं.

"रोज म्हणायचो, उद्या सांगू," नामिक म्हणाला. "तुम्ही नाक्यावर जाऊन बसायचा, ते मी बघायचो. तुमच्या घरात येऊन गोड कॉफी प्यायची माझी हिंमत नव्हती."

रुस्तेम भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता, अकरा टाचण्यांकडे. सानिये चुलीकडे वळली. तिनं कागदातली कॉफी माझ्यात टाकली, पाणी घातलं, आणि फेस वर येईपर्यंत उभी राहिली. मागून कुणीतरी कुजबुजलं की आमच्याकडे थोडा मध आहे, आणू का, तिला शोष पडला असेल.

"नको," ती म्हणाली.

तिनं पहिला कप नामिकला ओतला. माझ्या सवयीप्रमाणे दोन थेंब त्याच्या हातावर सांडले. उकळते होते. त्यानं हात मागे घेतला नाही.

सगळे गेल्यावर मेरेमे मागे राहिली. कोपऱ्यात बसून ती रडत होती, आता खऱ्या कारणासाठी. "बाई, साखर संपली म्हणून एक शब्द सांगायचा होतास," ती म्हणाली.

"घरात साखर नाही, हे पाहुण्याला सांगतात का?" सानिये म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चाळण ने."

ऑगस्टमध्ये रुस्तेमनं प्रवासाचे कागद मिळवले. कसे, ते विचारू नका. ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनीही विचारलं नाही. नामिक पुढे, मागे रुस्तेम, मध्ये सानिये, आणि सानियेच्या पिशवीत मी. त्या दगडी वाड्याच्या खाली एक ग्रीक गाव होतं, वीस-पंचवीस घरांचं. नामिकनं पहिल्याच घरी मोडक्या ग्रीकमध्ये विचारलं, आणि त्या बाईनं रस्त्याच्या टोकाला बोट दाखवलं. शेवटचं घर एव्हान्थियाचं.

एव्हान्थिया ही मेंढपाळाची विधवा, काळ्या कपड्यांतली, सानियेहून दहा वर्षांनी मोठी. ती आमच्याकडे बघत राहिली, मग काही न विचारता आत गेली. देवाच्या तसबिरींखालच्या फळीवरून तिनं लोकरीचा मोजा आणला आणि टेबलावर ठेवला.

सानियेनं मोज्यात हात घातला. तिनं चक्की बाहेर काढली नाही. आतल्या आतच अंगठ्यानं बूड चाचपलं, आणि अंगठा एका जागी थांबला. अक्रोडाएवढ्या जागी.

पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तिच्या नवऱ्याला तो मुलगा वाड्यात सापडला होता, असं एव्हान्थियानं सांगितलं आणि नामिकनं आम्हाला. अंगावर दोन कोट होते. पोलीस येऊन लिहून गेले. नवऱ्यानं त्याला गावच्या दफनभूमीत जागा दिली, क्रूस लावला, नाव माहीत नव्हतं म्हणून कोरा. पितरांच्या शनिवारी ती आपल्या माणसांबरोबर त्याचाही दिवा लावायची. चक्कीत मात्र तिनं कधी काही दळलं नाही. मालक येतील, असं तिला वाटायचं.

दफनभूमीत रुस्तेमला तो क्रूस खटकला. तसे आम्ही मुसलमान घरातले. मधल्या सरकारनं देव बंद केल्यामुळे सवय गेली होती, पण खटकायला सवय लागत नाही.

"वहिनी, हा क्रूस..."

"भावजी, थंडीत कुणी पांघरूण घातलं, तर त्यावरची नक्षी बघतात का?"

आणि गावी न्यायचं का, असं नामिकनं विचारलं, तेव्हा ती मातीकडे बघून म्हणाली, "इथं यायलाच निघाला होता." रुस्तेमनं खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली, आणि कोऱ्या लाकडावर सुबक शालेय अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी एव्हान्थियाच्या अंगणात सानियेनं चक्कीत कॉफी दळली. साडेपाच वर्षांनी. दाणे पहिल्यांदा अडकले, मग सुटले. माझ्या पोटात ते पीठ पडलं तेव्हा मला कळेना, की इतकी वर्षं खलबत्त्यात कुटलेली भरड पिऊन मी गप्प कसा राहिलो होतो. आम्ही दोघं काही बोललो नाही. पंधरा-वीस मिनिटांत काय बोलणार? फेस वर आला. दोन बायका समोरासमोर बसल्या, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. एव्हान्थिया पाहुणचार करणाऱ्या मुलखातली होती; तिच्या मागे फळीवर साखरेचं भांडं भरलेलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही. त्यांच्याकडेही मयताची कॉफी तशीच पितात.

निघताना सानियेनं चक्की पुन्हा मोज्यात घातली आणि एव्हान्थियाच्या हातात दिली. पितरांच्या शनिवारी कॉफी त्याच्यासाठीही दळ, असं तिनं खुणेनं सांगितलं. मला पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून डोंगराच्या त्या बाजूला ती आणि या बाजूला मी.

सानिये आणखी चौदा वर्षं जगली. नाक्यावर गेली नाही. ती गेल्यावर घर बंद झालं, मग रुस्तेमच्या नातवंडांनी ते आवरलं आणि मी एका पोत्यातून या कॅफेत आलो. आतली कल्हई केव्हाच उडाली आहे. बाहेरून मला रंगहीन वार्निश लावलं आहे, चकाकण्यासाठी. अशा तांब्यात आता कॉफी केली तर पिणारा आजारी पडेल.

हा कॅफे सीमेच्या रस्त्यावर आहे. अलीकडे त्याच डोंगरावरून माणसं येतात, पण उलट्या दिशेनं, ग्रीसकडून इकडे, आमच्यापेक्षा दूरच्या देशांतली. गेल्या फेब्रुवारीत माझ्या खालच्या टेबलावर दोन मेंढपाळ बसले होते. वरच्या वाड्याजवळ बर्फात लाल जाकीट दिसतंय, जवळ गेलो नाही, नसती भानगड, असं एक जण म्हणाला. मालकानं ऐकलं आणि कप पुसत राहिला. मालक चांगला माणूस आहे.

एप्रिलमध्ये एक परदेशी माणूस आला, दाढी वाढलेली, दोन रात्री न झोपलेला. त्यानं फोनवर धाकट्या भावाचा फोटो दाखवला. हसरा मुलगा, लाल जाकीट. मालकानं फोटो पाहिला, माणसाकडे पाहिलं, आणि त्याला वाईट वाटलं. कॉफी फुकट दिली, साखरेच्या दोन पुड्या स्वतःच फोडून आत टाकल्या.

"पाहिल्यासारखा वाटतो," तो म्हणाला. "तिरानाकडे गेला असेल. पुढे."

तो माणूस इतका खूश झाला की त्यानं मालकाचा हात हातात घेतला. मग तिरानाच्या रस्त्याला लागला. डोंगर त्याच्या पाठीमागे होता.

मी खिळ्यावरून पडायचा प्रयत्न केला. भांडी पडत नाहीत, मित्रांनो, कुणीतरी पाडावी लागतात.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरात तांब्याचं जुनं भांडं असेल तर वर्षातून एकदा त्याला कल्हई करा, भिंतीवर टांगू नका. आणि कुणी तुमच्यापुढे फोटो धरला, तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि जे ठाऊक असेल ते सांगा. ठाऊक नसेल तर तसं सांगा. पाच वर्षं मी दर पंधरवड्याला उत्तम गोड कॉफी उकळली आणि तिनं एका आईला अकरा गावं फिरवलं. रिमोपर्यंत तिला नेलं ते साखर संपली त्या दिवसानं.

तो माणूस अजून तिरानातच असेल. वाडा इथून तीन तासांवर आहे. मालक माझ्या खालीच उभा आहे, कप पुसतोय.